अण्णांची गाडी आपोआप कशी उतरली: वर्कशॉपातल्या नोंदी

६ ऑगस्ट २०२४

अण्णांची गाडी आज आयटीआयच्या वर्कशॉपात आली. जुनी पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडर, पाच गियर, मॅन्युअल. मागचा बंपर आत गेलाय, डिकीचं दार वाकलंय, उजवा टेललॅम्प फुटलाय. बाकी चालू स्थितीत आहे, चालवतच आणली.

झालं ते असं. रविवारी दुपारी अण्णा रत्नागिरीहून बाजार करून आले. गाडी नेहमीच्या जागी, फाटकाबाहेरच्या चढावर, तोंड वर करून लावली. आंघोळ झाली, जेवण झालं. पाऊण तासाने रिकामी गाडी उलटी खाली गेली, वळणावर सरळ सुटली आणि खालच्या घरच्या गडग्यात घुसली. जांभ्याचे चिरे साताठ फूट लांबीत ढासळले. रस्त्यावर त्या वेळी कोणी नव्हतं. रविवार नसता तर शाळेची पोरं असती.

अण्णांचं म्हणणं एकच: "मास्तर, हँडब्रेक कचकून ओढलेला आणि गाडी गियरमध्ये. शपथेवर सांगतो." वाडीचं म्हणणं: वय झालं, विसरले असतील. मला वाडीचं पटत नाही. विहिरीच्या पंपाचा स्विच दोनदा बघून येणारा माणूस आहे हा.

पुरावा मात्र गेलेला आहे. गाडी गडग्यातून ओढून काढताना पोरांनी दार उघडून हँडब्रेक खाली केला, गियर न्यूट्रलला आणला. एक जण म्हणतो हँडब्रेक वर होता, दुसरा म्हणतो मी बघितलंच नाही. गियरचा दांडा कुठे होता ते कोणालाच आठवत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हाच प्रकल्प दिला. अट एक: गाडी आहे तशी तपासल्याशिवाय एकही नट फिरवायचा नाही. लगेच नाराजी. त्यांना मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम उघडायचे होते. ड्रम उघडले की खरं काय होतं ते कायमचं गेलं, हे समजवायला अर्धा तास गेला. मुदत गणपतीची. चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे, मुंबईची मंडळी येणार, अण्णांना तोवर गाडी हवी.

८ ऑगस्ट

जागेवर जाऊन उतार मोजला. गवंड्याकडून लेव्हल-पाइप मागून आणला. मोबाइलवरही मोजता येतं, पण नळीतलं पाणी पोरांना डोळ्यांनी दिसतं आणि मग त्या आकड्यावर ती भांडतात, ते बरं.

अण्णा रोज त्याच जागी लावतात, सिमेंटवर टायरचे काळे पट्टे पडलेत, त्यामुळे जागेबद्दल वाद नाही. तिथे ३ मीटरला २५ सेंटीमीटर, म्हणजे १२ला १. हा सौम्य भाग मागच्या चाकांच्या मागे जेमतेम दोन मीटर आहे. मग काँक्रीटचा उतार सुरू होतो: साडेतीन मीटरला ५० सेंटीमीटर, ७ला १, तो थेट वळणापर्यंत, अंदाजे वीस मीटर. पायी चढताना हा फरक जाणवतो, गाडीतून नाही. अण्णांच्या मते सगळा "एकच चढ" आहे.

काँक्रीटवर कडेने शेवाळ. एक पोरगा मापं घेताना बसलाच त्यावर.

९ ऑगस्ट

फळ्यावर हिशेब. पेट्रोल आणि डिकीतलं सामान धरून गाडी ७५० किलो धरली. १२ला १ उतारावर ती सुमारे ६२ किलोच्या जोराने खाली ओढली जाते, ७ला १ वर १०६ किलोच्या. चाकाची त्रिज्या २६ सेंटीमीटर. म्हणजे गाडी अडवायला चाकांवर मिळून जो पीळ लागतो, तो मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला, वरच्या सौम्य भागात १६ किलो आणि खालच्या उतारावर २७ किलो टांगल्याएवढा. टायरची स्वतःची फिरण्यातली अडचण त्यातले दोन-एक किलो खाते. ब्रेक आणि गियरने मिळून उरलेलं, वर १४ आणि खाली २५, धरायचं आहे. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवले, प्रकल्प संपेपर्यंत पुसायचे नाहीत.

नियम काय म्हणतो तेही लिहून घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमानुसार प्रवासी कारच्या पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के उतारावर, म्हणजे ५ला १, धरून ठेवली पाहिजे, आणि हाताच्या लिव्हरवर ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४१ किलोची ओढ. अमेरिकेच्या १३५ क्रमांकाच्या मानकात उतार तोच आहे, वेळ पाच मिनिटं. आपल्या मोटार वाहन कायद्यात, १९८८च्या, कलम १२६ आहे: चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू पडणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. पोरांना हे कलम ठाऊक नव्हतं. लायसन्स मात्र निम्म्यांकडे आहे.

१२ ऑगस्ट

चाक ओढून बघायची चाचणी. मागची दोन्ही चाकं घोडीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर. चाक काढून हबला मीटरभर लोखंडी पट्टी दोन नटांनी आवळली, टोकाला भाताच्या गोणी मोजायचा लटकता काटा. हँडब्रेकच्या लिव्हरलाही तसलाच काटा लावून २५ किलोची ओढ द्यायची. अण्णांच्या हाताची ओढ तेवढीच असेल. मग पट्टी खेचत जायची आणि हब सरकतो तो आकडा वाचायचा.

डावं चाक: दीड किलो. उजवं चाक: साडेसात. दोन्ही मिळून नऊ.

लागणार होते चौदा आणि पंचवीस.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. लिव्हर चौथ्या दाताला घट्ट होतो. इतका घट्ट की पाचवा दात ओढताना पोरांचे चेहरे लाल होतात. आज सकाळी चाचणीआधी प्रत्येकाला एकेक करून गाडीत बसवलं आणि हँडब्रेक ओढून मत विचारलं. सगळ्यांचं मत: "मस्त आहे, सर." अण्णांनी "कचकून ओढला" म्हटलं ते अक्षरशः खरं आहे. हाताला लागणारा घट्टपणा केबलच्या अलीकडच्या टोकाचा असतो. पलीकडे ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेकचं झिजणारं अस्तर, ड्रमला किती दाबतोय, त्याबद्दल हाताला काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट वेगळ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून लावली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एकच पुढचं चाक जॅकवर उचललं की गियरचा आधार संपला. डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गियरसंच) उचललेलं चाक हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं सुटतं. पंक्चर काढताना चढावर गाडी जॅकवरून पडते ती बहुतेक अशी. "सर, मी गियरमध्ये ठेवलेली" हे तेव्हा ऐकायला कोणी मागे उरत नाही.

१४ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली, प्रत्यक्ष उतारावर चाचणी केली. पुढच्या हुकाला जाड नायलॉनचा दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या आंब्याला, मध्ये ढील. मागे जुने ट्रकचे टायर दोन थरांत. खालच्या वळणावर दोन पोरं उभी, रस्ता बंद. गाडीच्या मागे कोणीही जायचं नाही, काहीही झालं तरी.

हँडब्रेक आहे तसा, २५ किलोने ओढून. आधी न्यूट्रल. फुटब्रेक सोडताच गाडी निघाली. अपेक्षित होतं.

मग पहिला गियर. फुटब्रेक सोडला, गाडी बोटभर मागे बसली आणि थांबली. तासभर वाट पाहिली, हलली नाही. इथे एक-दोघांनी निकाल देऊन टाकला: अण्णा गियर टाकायला विसरले, विषय संपला.

मग मी दांडा तिसऱ्यात टाकायला सांगितला. गाडी थांबली. पोरं बोलायला लागली, एकाने चहा आणायला सायकल काढली. आणि गाडी हलली. थोडीशीच, आणि परत थांबली. बॉनेटमधून बारीक फुस्स असा आवाज. सगळे गप्प. मग टायरशेजारी खडूने रेघ मारायला एकाला लांबून हात घालायला लावला. परत हलली. परत रेघ. दोन रेघांमधलं अंतर मोजलं: वीस सेंटीमीटरच्या आसपास, प्रत्येक वेळी. वेळ मात्र वेगवेगळा: कधी चार-पाच मिनिटं, कधी अर्ध्या मिनिटातच.

हे वीस सेंटीमीटर कुठून आले ते पोरांनी तिथेच, टायरवर वही ठेवून काढलं. गाडी गियरमध्ये उभी असते तेव्हा तिला धरतं ते इंजिनातलं कॉम्प्रेशन. बंद सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा पिस्टनला वर जाऊ देत नाही. पण ती हवा कायमची कोंडलेली राहत नाही, रिंगांच्या फटीतून, व्हॉल्व्हच्या बसक्यांतून हळूहळू निसटते. पुरेशी निसटली की पिस्टन टोक ओलांडतो, इंजिन पुढच्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर जाऊन अडतं, गाडी पुन्हा थांबते. तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात हे टोक क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर २४० अंशांना येतं. तिसऱ्या गियरमध्ये क्रँक आणि चाक यांचं प्रमाण या गाडीत साडेपाचच्या थोडं वर. म्हणजे चाक फिरतं जवळपास ४३ अंश, आणि एवढ्या टायरला ते वीस सेंटीमीटर होतात. पहिल्या गियरमध्ये तेच प्रमाण पंधराच्या आसपास आहे. तिथे हलली असती तर एका वेळी फक्त सात सेंटीमीटर हलली असती, आणि इंजिनावर येणारा पीळही तिसऱ्याच्या जवळपास एक तृतीयांश. तो इंजिनाच्या नुसत्या घर्षणालाच झेपतो.

मागची चाकं ७ला १ वर पोहोचली तेव्हा मात्र गाडी थांबली नाही. टायरांच्या थरापर्यंत सलग गेली, दोर ताणला, आंब्याची पानं हलली. इंजिन फिरत होतं, चावी बंद असताना. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते.

दोन मीटर सौम्य उतार, वीस-वीस सेंटीमीटरच्या उड्या, बहुतेक उड्यांना चार-पाच मिनिटं. अर्धा-पाऊण तास असा भरतो.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदन, काम नाही.

कालपरवाच्या खडूच्या रेघांचा वेळ ज्या मुलीने लिहून घेतला होता तिने आज वही समोर धरली: "सर, दर तिसरी उडी लवकर येते." खरंच. दोन लांब, एक आखूड, दोन लांब, एक आखूड. तिला विचारलं, का? तिने कॉम्प्रेशन गेज मागून घेतला.

पहिला सिलिंडर साडेदहा, दुसरा दहा, तिसरा साडेसहा किलो प्रति चौरस सेंटीमीटर. तिसऱ्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर साडेनऊवर गेला, म्हणजे रिंगा झिजल्यात, व्हॉल्व्ह ठीक. या प्रकल्पातलं माझ्या मते सगळ्यात देखणं काम हेच. इंजिन चालू न करता, गाडी उतारावरून सरपटतानाच्या वेळांवरून, एका सिलिंडरच्या हवेला वाट सापडलीय हे हिने ओळखलं.

इंजिनाचं काम या खेपेला करायचं नाही. अण्णांचं बजेट नाही आणि गाडी रोजच्या वापराला पुरते.

१७ ऑगस्ट

राहिला प्रश्न गियरचा. अण्णांना वर्कशॉपात चहाला बोलावलं. दुसरी एक गाडी दिली आणि म्हटलं, तेवढी त्या कोपऱ्यात लावून या. कशासाठी ते सांगितलं नाही. पोरांना खिडकीशी उभं केलं.

अण्णांनी गाडी लावली. दांडा न्यूट्रलला आणून हलवून बघितला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक दणदणीत ओढला. मग उतरता उतरता क्लच दाबून उजव्या पायाला चपलेत सरकवत डाव्या तळहाताने दांडा सरळ पुढे ढकलला.

सरळ पुढे म्हणजे तिसरा.

न्यूट्रलमध्ये दांड्याला आतल्या स्प्रिंगा मधल्या ओळीत धरून ठेवतात, आणि मधली ओळ तिसऱ्या-चौथ्याची. पहिला हवा तर आधी डावीकडे दाबावं लागतं, मग पुढे. चालवताना ते आपोआप घडतं, कारण निघताना पहिलाच लागतो. गाडी लावून उतरताना मात्र "गियरमध्ये टाकायचं" एवढंच डोक्यात असतं आणि तळहाताला जी वाट मोकळी मिळते ती तिसऱ्याची. संध्याकाळी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आमच्या स्टाफच्या गाड्यांत, मालकांच्या परवानगीने, डोकावून बघितलं. नावं लिहीत नाही. अण्णा एकटे नाहीत.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे गियरमध्ये होतीच ना?" होती. अण्णा, होतीच. वाडीला तेवढं मी स्वतः सांगेन.

काकूंची वेगळी तक्रार: पहिल्यात ठेवली की सकाळी चावी मारताच गाडी उडी मारते. क्लच दाबून चावी फिरवायची सवय लावून घ्या, एवढंच उत्तर. फुटब्रेकवर पायही हवा.

२० ऑगस्ट

आता कुठे ड्रम उघडले. उघडल्यावर धूळ तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या नळीनेही नाही. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत.

डावीकडे केबल आवरणातच गंजून जाम. मागच्या ॲक्सलजवळ जिथे वळते तिथे वरचं रबर फाटलेलं, पावसाळ्यांचं पाणी आत गेलेलं. केबलच्या तारा आवरणाशी एकजीव झाल्यात, पक्कड लावूनही सरकत नाही. दीड किलो कुठून आला तेच आश्चर्य. उजवीकडे केबल मोकळी, पण व्हील सिलिंडरच्या (फुटब्रेकचा दाब चाकातल्या ब्रेकला देणारा) कपातून ब्रेक ऑइल झिरपून लायनरची खालची बाजू ओली, वरची काचेसारखी गुळगुळीत. लायनर झिजेल तसं अंतर भरून काढणारे दोन्हीकडचे ऑटो-ॲडजस्टर अडकलेले. ड्रमवर कमाल व्यास १८२ मिलिमीटर कोरलाय, मोजला १८०.९, म्हणजे ड्रम वापरता येतील.

आणि लिव्हरखालचा केबलचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला. इथे सगळा उलगडा होतो. हँडब्रेक सैल लागतो अशी तक्रार घेऊन अण्णा मागे एका गॅरेजमध्ये गेले होते, तिथे ड्रम न उघडता वरून नट आवळून दिला. पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश, लिव्हर चौथ्या दाताला घट्ट. जाम केबल आणखी ताणली गेली, घट्टपणा वाढला, पकड तीच राहिली. शिवाय केबल अशी सतत ताणलेली राहिली की शूचा (लायनर बसवलेल्या पट्टीचा) लिव्हर पूर्ण मागे जात नाही आणि ऑटो-ॲडजस्टरला काम करायला जागाच उरत नाही. क्रम उलटा हवा: केबल पूर्ण सैल, मग ड्रमच्या बाजूने शू जुळवायचे, फुटब्रेक चार-सहा वेळा दाबून बसवायचे, आणि शेवटी केबल. नट फिरवायला सोपा आहे म्हणून तिथून सुरुवात होते.

२३ ऑगस्ट

दोन्ही केबल नव्या, लायनरचा सेट नवा, दोन्ही व्हील सिलिंडर बदलले. एक गळत होता, पण दुसरा त्याच वयाचा आहे. ॲडजस्टर खोलून साफ, आट्यांवर उष्णतेला टिकणारं ग्रीस अगदी टिपूसभर. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून हवा काढली. केबलच्या वळणावरच्या क्लिपा मूळ जागी बसवल्या; जुनी केबल त्यातल्या एकीतून निसटून ॲक्सलला घासत होती, रबर तिथेच फाटलं.

२८ ऑगस्ट

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धाच. नवीन लायनर बसायला गाडी थोडी चालवायला हवी, पाऊस थांबत नाही.

रिकाम्या वेळात प्रश्न आला: ऑटोमॅटिकला ही भानगड नाही ना? तिथली वेगळी आहे. ऑटोमॅटिकमध्ये 'पी' निवडला की गियरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चकतीत एक खुंटी पडते, ती कॉम्प्रेशनसारखी गळत नाही. पण 'पी' पडलाय असं वाटणं आणि पडणं यात फरक राहू शकतो. २०१६च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये अँटन येल्चिन हा अभिनेता त्याच्या घराच्या उतारावर स्वतःच्याच घरंगळत आलेल्या एसयूव्हीखाली सापडून गेला. गियर कुठे आहे हे चालकाला नीट कळत नाही म्हणून तसाच गियरचा दांडा असलेल्या सुमारे ११ लाख गाड्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या होत्या.

ट्रक-बसचं तर उलटच: पार्किंग ब्रेक ताकदवान स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. हवा गेली तर ब्रेक लागलेलाच राहतो. तरी घाटात ड्रायव्हर चाकाला दगड लावतात, आणि निघताना दगड तिथेच सोडून जातात. रात्री दुचाकीवाल्याला तो दगड दिसत नाही. दगड लावणाऱ्याला काही म्हणायचं नाही, पण उचलायचा कोणी?

३० ऑगस्ट

फेरचाचणी. तीच पट्टी, तोच काटा, लिव्हरवर तीच २५ किलोची ओढ. डावं २०, उजवं २२. मिळून ४२, जिथे आधी ९ होते. लिव्हर आता सहाव्या दाताला बसतो आणि हाताला आधीपेक्षा मऊ लागतो. अण्णांना हे खटकणार, आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर परत कुठेतरी जाऊन नट आवळून घेतील.

२० टक्क्यांच्या कसोटीला चार माणसं आणि सामान धरून, १०५० किलोच्या गाडीला, मीटरभर दांड्यावर ५३-५४ लागतील. ४१ किलोच्या ओढीवर या प्रमाणात ६५च्या वर मिळायला हवेत. ठीक.

२ सप्टेंबर

उतारावर, दोर-टायर सगळं तसंच. न्यूट्रल आणि नुसता हँडब्रेक: ७ला १ वर मागची चाकं ठेवून दोन तास. खडूच्या रेघेपासून केसभरही नाही.

मग कडेच्या शेवाळावर. तिथे गाडी घसरली, मागची चाकं न फिरता. ब्रेकने चाक पक्कं धरलंय, टायरने रस्ता धरला नाही. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना धरतो, आणि पुढे इंजिन असल्यामुळे गाडीचं जास्त वजन मागे नसतंच. पहिला गियर टाकून तीच चाचणी केली तर थांबली, कारण मग पुढची दोन चाकंही कामाला लागतात. "हँडब्रेक चांगला असेल तर गियर कशाला" आणि "गियर आहे तर हँडब्रेक कशाला" या दोन्ही प्रश्नांना पोरांनी शेवाळावरच उत्तर बघितलं. तरी गियरचा आधार डिफरन्शियलमधून येतो. पुढचं एक चाक शेवाळावर आणि एक कोरड्यावर असेल तर शेवाळावरचं चाक जेवढं धरेल तेवढंच दुसरंही धरतं.

दुपारी सगळ्यांनी मिळून फावड्याने शेवाळ खरवडलं, वर चुना-ब्लीचिंग टाकलं. अभ्यासक्रमात नाही.

५ सप्टेंबर

गाडी अण्णांना दिली. डिकीचं दार ठोकून सरळ केलंय, रंग गणपतीनंतर.

लावायची पद्धत त्यांच्याकडून करवून घेतली. फुटब्रेक दाबूनच ठेवायचा, दांडा न्यूट्रल, हँडब्रेक. मग फुटब्रेक सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्यायचं, ती बोटभर बसते ते जाणवलं पाहिजे. मग क्लच दाबून डावीकडे-पुढे, पहिला. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स. आणि स्टीअरिंग फिरवून ठेवायचं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये चढावर पुढची चाकं फूटपाथच्या कडेपासून बाहेर आणि उतारावर कडेकडे वळवून ठेवायला सांगितलंय. सॅन फ्रान्सिस्कोत तीन टक्क्यांपेक्षा जास्त चढ-उतार असेल तर चाकं वळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आमच्याकडे फूटपाथ नाही, पण अण्णांच्याच अंगणाची जांभ्याची भिंत आहे. चाकं अशी वळवायची की सुटली तर गाडी दहा पावलांत त्या भिंतीला टेकेल, रस्त्यावर येणार नाही.

अण्णा म्हणाले, लिव्हर सैल लागतोय. काटा लावून आकडे पुन्हा दाखवले. मान डोलावली, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

वरच्या सपाट जागेत, विहिरीपाशी, गाडी मावते असं मी महिनाभर सांगतोय. तिथे काकूंचं वाळवण असतं.

१९ सप्टेंबर

विसर्जन होऊन मंडळी परत गेली. गाडी गणपतीत भरपूर फिरली, पाच-पाच माणसं घेऊन. आज लायनर बसल्यावरचं जुळवणं केलं: लिव्हर सातव्यावर गेला होता, ड्रमच्या बाजूने जुळवून सहावर आणला, नटाला हात लावला नाही. काट्यावर डावं २२, उजवं २३.

नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे. परत कोणी फिरवला तर कळेल.

गडग्याचं प्रकरण बाकी आहे. अण्णा म्हणतात होता तसा कोरडा रचून देतो, खालचे म्हणतात आता सिमेंटमध्येच बांधून हवा. त्यात मला घालू नका म्हणून सांगितलं आहे. प्रकल्पाच्या वहीत पोरांनी 'झालेलं नुकसान' या रकान्यात "गडगा (वाद चालू)" असं लिहिलंय, ते तसंच ठेवलं.